बेनिनमध्ये राज्य कोण चालवते: कोतोनूहून एका प्रश्नाचे उत्तर

कोतोनू, फेब्रुवारी २०२६

स. न. वि. वि.

तुमचे पत्र पोचले. पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन देशात, ग्लो-जिग्बेच्या औद्योगिक क्षेत्रातील एका काजू कारखान्यात तुम्हाला प्रतवारी विभागाची जागा मिळते आहे, मार्चअखेर रुजू व्हावे असा मालकांचा आग्रह आहे, आणि डिसेंबरात दूरचित्रवाणीवर ‘बेनिनमध्ये लष्करी उठाव’ ही पट्टी दिसल्यापासून कुडाळच्या घरात हा विषय निघाला की सगळे गप्प होतात, असे तुम्ही लिहिले आहे. पगार, घरभाडे, डाळ-तांदूळ यांविषयी तुम्ही काही विचारले नाही. तुम्हाला जाणून घ्यायचे आहे ते हे, की इथले सरकार टिकाऊ आहे का, ही लोकशाही आहे की एका माणसाचे राज्य, आणि परक्या नोकरदाराला या राज्ययंत्रणेशी कुठे कुठे गाठ घालावी लागते. मी २०११ पासून कोतोनूत, म्हणजे इथल्या सर्वांत मोठ्या शहरात, राहतो. पहिली बारा-तेरा वर्षे मी कोकणातल्या आणि गोव्यातल्या कारखान्यांसाठी इथून कच्ची काजू बी खरेदी करून पाठवत असे. तो धंदा ज्या रीतीने संपला, त्यातून मला इथली राज्यव्यवस्था जितकी कळली तितकी वर्तमानपत्रे वाचून कळली नव्हती, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

इथे मंत्रिमंडळाची बैठक बुधवारी होते आणि तिचा वृत्तान्त त्याच दिवशी प्रसिद्ध होतो. कोणत्या खात्यात कोणाची नेमणूक झाली, कोणत्या रस्त्याचे काम कोणाला दिले, काजूचा हंगाम कधी सुरू होणार आणि बीचा किमान भाव काय राहणार, हे सगळे त्या वृत्तान्तात असते. १ एप्रिल २०२४ पासून कच्ची काजू बी देशाबाहेर जाऊ देणार नाही, असे सरकारने २०२२ सालीच जाहीर केले होते. आम्ही सगळ्या खरेदीदारांनी ते वाचले आणि हसून सोडून दिले. अशा घोषणा होतात, मग मुदतवाढ मिळते, मग कोणीतरी कोणालातरी भेटतो आणि बंदीची सवलत होते, हा आमचा अनुभव. निदान आपल्या देशातला तरी तसाच. त्याच भरवशावर मी २०२३ मध्ये उत्तरेकडच्या पाराकू शहरात तीन वर्षांच्या कराराने गोदाम भाड्याने घेतले. ठरलेल्या तारखेला बंदी लागू झाली आणि गोदामाचे उरलेले भाडे माझ्या अंगावर पडले. दोष माझाच होता, कारण राष्ट्राध्यक्षाने घेतलेला निर्णय आणि बंदरातला नाका यांच्यामध्ये तो अडवू शकेल असे या देशात कोणी उरलेले नाही, हे मला तोवर समजले नव्हते. आपल्याकडे असा निर्णय झाला असता तर उत्पादकांचे शिष्टमंडळ मुंबईला गेले असते, एखाद्या आमदाराने सभागृहात प्रश्न लावला असता, उच्च न्यायालयातून स्थगिती आली असती आणि हंगाम निघून गेला असता. इथे यातले काहीही झाले नाही. मात्र तुम्हाला जिथे नोकरी मिळते आहे तो कारखानाही याच निर्णयामुळे उभा आहे, हेही खरे.

आता रचना पाहू. ‘राष्ट्रपती’ हा शब्द मी मुद्दाम टाळतो, कारण तो वाचताच आपल्या डोळ्यांसमोर राष्ट्रपती भवनातली मानाची, पण मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालणारी व्यक्ती येते. बेनिनचा राष्ट्राध्यक्ष राष्ट्रप्रमुखही असतो आणि सरकारचा प्रमुखही. मंत्री तोच नेमतो, तोच काढतो, आणि त्याच्या सरकारवर संसदेला अविश्वासाचा ठराव आणता येत नाही. पंतप्रधान असलाच पाहिजे असे घटना सांगत नाही; मात्यू केरेकू आणि बोनी यायी या राष्ट्राध्यक्षांनी काही काळ पंतप्रधान नेमले, २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या पात्रिस तालों यांनी एकदाही नेमला नाही. मंत्री झालेल्या खासदाराला सभागृहातली जागा सोडावी लागते. राष्ट्राध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी निवडला जातो, निम्म्याहून अधिक मते कोणालाच न मिळाल्यास पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते, आणि २०२१ पासून त्याच्याबरोबर उपराष्ट्राध्यक्षही एकाच जोडीने निवडून येतो. राष्ट्रीय सभेत, म्हणजे संसदेत, १०९ जागा आहेत, त्यातल्या २४ स्त्रियांसाठी राखीव, प्रत्येक मतदारसंघात एक. सभा पोर्तो-नोवोला भरते, कारण घटनेप्रमाणे राजधानी ते शहर आहे; सरकार मात्र कोतोनूत बसते. एखादा कागद ‘राजधानीत’ मिळेल असे कोणी म्हणाले तर कोणत्या गावी, हे आधी विचारून घ्यावे.

या चौकटीत एक संस्था अशी आहे की तिच्याविषयी इथल्या लोकांना खरोखर अभिमान होता, आणि भूतकाळ मी जाणूनबुजून वापरतो आहे. ती म्हणजे घटनात्मक न्यायालय. त्यात सात सदस्य असतात. चार राष्ट्रीय सभेचे पदाधिकारी मंडळ नेमते, तीन राष्ट्राध्यक्ष नेमतो. कोणताही नागरिक वकिलाशिवाय, साध्या अर्जाने, एखादा कायदा किंवा सरकारी कृती घटनाबाह्य आहे अशी तक्रार थेट या न्यायालयापुढे नेऊ शकतो. या न्यायालयाची एक गोष्ट मला पहिल्याच वर्षी माझ्या गाडीच्या चालकाने सांगितली होती. बेनिनचा राष्ट्राध्यक्ष शपथ घेतो ती ईश्वर, पूर्वजांचे आत्मे, राष्ट्र आणि जनता यांच्यासमोर. १९९६ मध्ये केरेकू पुन्हा निवडून आले तेव्हा ते कट्टर ख्रिस्ती झालेले होते आणि शपथ घेताना त्यांनी पूर्वजांचा उल्लेख गाळला. न्यायालयाने ती शपथ अपुरी ठरवली आणि ज्या माणसाने एके काळी सतरा वर्षे लष्करी पद्धतीने राज्य केले होते, त्याला दोन दिवसांनी पुन्हा उभे राहून पूर्वजांसह संपूर्ण शपथ घ्यावी लागली. चालक ही गोष्ट सांगताना हसत होता, पण त्या हसण्यात मालकी हक्काची भावना होती: हे आमचे न्यायालय आहे.

ही भावना कुठून आली ते समजायला थोडे मागे जावे लागेल. १ ऑगस्ट १९६० रोजी हा देश दाहोमे या नावाने फ्रान्सपासून स्वतंत्र झाला. उत्तरेचे युबेर मागा, आबोमेकडचे जुस्तँ आओमादेग्बे आणि पोर्तो-नोवोचे सुरू-मिगान आपिती या तीन पुढाऱ्यांत देश इतका विभागला गेला होता की पहिल्या बारा वर्षांत सत्ता हातातून हातात फिरत राहिली आणि लष्कर पुन्हा पुन्हा मध्ये पडले. १९७० मध्ये तोडगा म्हणून तिघांची एक परिषद नेमली. प्रत्येकाने दोन दोन वर्षे अध्यक्ष व्हायचे असे ठरले. आपल्याकडे जिल्हा परिषदेत किंवा साखर कारखान्यात अडीच-अडीच वर्षांच्या वाटणीचे जे होते तेच इथे झाले. मागांनी आपली मुदत संपल्यावर खुर्ची सोडली, आओमादेग्बे बसले, आणि काही महिन्यांतच, २६ ऑक्टोबर १९७२ रोजी, केरेकू नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने तिघांनाही घरी पाठवले. आपितींची पाळी आलीच नाही. केरेकूंनी १९७४ मध्ये मार्क्सवाद-लेनिनवाद हे राज्याचे तत्त्वज्ञान ठरवले, १९७५ मध्ये देशाचे नाव बदलून बेनिन केले आणि एकाच पक्षाचे राज्य चालवले. १९८९ पर्यंत बँका बुडाल्या होत्या, सरकारी नोकरांचे पगार थकले होते आणि रोज संप होत होते.

याच्या पुढचा भाग हा देश जगाला सांगत असतो. फेब्रुवारी १९९० मध्ये कोतोनूच्या एका हॉटेलात राष्ट्रीय परिषद भरली. पक्ष, कामगार संघटना, धर्मसंस्था, परदेशातले बेनिनी असे सगळे त्यात होते आणि अध्यक्षस्थानी इझिदोर द सूझा हे कॅथलिक धर्मगुरू होते. परिषदेने स्वतःलाच सार्वभौम घोषित केले, म्हणजे हुकूमशहाच्या डोळ्यांदेखत त्याचे अधिकार काढून घेतले, आणि केरेकूंनी ते मान्य केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जनमताने नवी घटना आली आणि मार्च १९९१ च्या निवडणुकीत केरेकू निसेफोर सोग्लोंकडून हरले. एकही माणूस सत्तेसाठी मारला न जाता लष्करशहा मतपेटीतून पायउतार झाला, ही गोष्ट आफ्रिकेत तेव्हा नवी होती. केरेकू पाच वर्षांनी मतपेटीतूनच परत आले, हीदेखील त्याच व्यवस्थेची शक्ती. दोनच कार्यकाळ आणि उमेदवाराचे वय सत्तरच्या आत, या अटींमुळे २००६ मध्ये त्यांना घरी जावे लागले. घटना बदलून त्यांना ठेवण्याची कुजबुज सुरू झाली तेव्हा ‘माझ्या घटनेला हात लावू नका’ अशी मोहीमच लोकांनी उघडली होती. मी आलो तेव्हा बोनी यायींचा दुसरा कार्यकाळ सुरू झाला होता. चहाच्या टपरीवर बसून राष्ट्राध्यक्षाला नाव घेऊन शिव्या देणारी माणसे मी तेव्हा रोज पाहत असे. आता ती माणसे तिथेच बसतात, पण फुटबॉलवर बोलतात.

बदल कसा झाला हे तपशिलात पाहायला हवे, कारण यात कोणीही रणगाडा रस्त्यावर आणला नाही. सगळे कायद्याने झाले. कापसाच्या धंद्यातून मोठे झालेले तालों २०१६ मध्ये निवडून आले तेव्हा राष्ट्राध्यक्षाला एकच कार्यकाळ असावा असे त्यांचे म्हणणे होते. २०१७ मध्ये त्यांचा घटनादुरुस्तीचा प्रस्ताव सभेत पडला. ८३ पैकी ६३ मते हवी होती, ६० मिळाली. त्यानंतर २०१८ मध्ये पक्षांचा नवा कायदा आला. पूर्वी इथे दोनशेहून अधिक पक्ष होते, म्हणजे ज्याच्याकडे एक गाडी आणि एक शिक्का त्याचा एक पक्ष, आणि हे चित्र बदलायला हवे होते याविषयी माझ्या मनात शंका नाही. नव्या कायद्याने देशातल्या ७७ कम्यूनांपैकी (स्थानिक मंडळे असलेल्या विभागांपैकी) प्रत्येकातून निदान पंधरा संस्थापक सदस्य मागितले. पण एप्रिल २०१९ च्या संसदीय निवडणुकीत कागदपत्रांच्या अटी पूर्ण न केल्याच्या कारणावरून एकाही विरोधी पक्षाला उभे राहता आले नाही. मतदानाच्या दिवशी इंटरनेट बंद होते, मतदान सुमारे २७ टक्के झाले आणि नंतरच्या निदर्शनांत कोतोनूत माणसे मेली. त्या सभेने त्याच वर्षी घटना दुरुस्त केली. २०२१ मध्ये तालों सुमारे ८६ टक्के मतांनी पुन्हा निवडून आले. त्यांच्याविरुद्ध उभे राहू पाहणाऱ्या रेक्या मादुगू यांना त्या डिसेंबरात वीस वर्षांची आणि घटनाशास्त्राचे प्राध्यापक जोएल आइवो यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. या शिक्षा २०१८ मध्ये स्थापन झालेल्या, आर्थिक गुन्हे आणि दहशतवाद यांसाठीच्या विशेष न्यायालयाने दिल्या, ज्याला इथे नुसते ‘क्रिएत’ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा. लोक तो आवाज खाली आणून उच्चारतात.

ज्या आकडेमोडीने यंदाच्या निवडणुका ठरल्या ती मला काजूच्या आउटटर्नच्या, म्हणजे कच्च्या बीतून किती गर निघतो त्याच्या, हिशेबासारखी वाटते: एक दाणा कमी पडला की सगळा माल नापास. २०२३ च्या सभेत सरकारच्या बाजूच्या दोन पक्षांचे ५३ आणि २८ असे ८१ सदस्य होते आणि ‘ले देमोक्रात’ या विरोधी पक्षाचे २८. २०२४ च्या निवडणूक कायद्याने राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला खासदार आणि महापौर मिळून पंधरा टक्के जणांचे समर्थनपत्र आवश्यक केले. १०९ खासदार आणि ७७ महापौर म्हणजे १८६, त्याचे पंधरा टक्के म्हणजे २८. विरोधी पक्षाकडे नेमके २८ खासदार होते आणि त्यांपैकी एकाने आपले समर्थन काढून घेतले. झाले, त्यांचे उमेदवार रनो आग्बोजो शर्यतीतून बाहेर गेले. त्यानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये सभेने ९० विरुद्ध १९ मतांनी घटना पुन्हा दुरुस्त केली. जनमत न घेता दुरुस्ती करायची तर चार पंचमांश, म्हणजे ८८ मते लागतात. ८१ चे ९० कसे झाले ते तुम्हीच हिशेब करून पाहा. या दुरुस्तीने राष्ट्राध्यक्षाचा कार्यकाळ पाचाऐवजी सात वर्षांचा झाला आणि एक सिनेट निर्माण झाले, ज्यात माजी राष्ट्राध्यक्ष आणि काही माजी उच्च पदाधिकारी हक्काने बसतील आणि उरलेले नेमले जातील. आयुष्यात दोनच कार्यकाळ ही मर्यादा मात्र कायम राहिली, त्यामुळे तालों स्वतः उभे नाहीत. गेल्या महिन्यात, ११ जानेवारी २०२६ रोजी, खासदारांची आणि स्थानिक मंडळांची निवडणूक एकाच दिवशी झाली. प्रत्येक मतदारसंघात वीस टक्के मते मिळवणाऱ्या पक्षांनाच जागा, असा नवा नियम असल्याने सगळ्या १०९ जागा सरकारच्या बाजूच्या दोन पक्षांत वाटल्या गेल्या. येत्या १२ एप्रिलला राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आहे. एका बाजूला गेली दहा वर्षे अर्थमंत्री असलेले रोमुआल्द वादाग्नी आणि त्यांच्याबरोबर विद्यमान उपराष्ट्राध्यक्ष मारियाम शाबी तालाता, दुसऱ्या बाजूला पॉल हुनकपे. इथे कोणी पैज लावत नाही.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर असे: ही एका माणसाची हुकूमशाही नाही, कारण तो माणूस मुदत संपल्यावर जातो आहे आणि राज्य लेखी नियमांनी चालते, पण ज्या लोकशाहीचा १९९० मध्ये इतका गौरव झाला तीही आता राहिलेली नाही, कारण नियम लिहिणारे, राबवणारे आणि तपासणारे सगळे एकाच बाजूचे आहेत. शासन म्हणून पाहिले तर गेल्या दहा वर्षांत कोतोनूचे रस्ते ओळखू येणार नाहीत इतके सुधारले, कागदपत्रे संगणकावर आली आणि सरकारी कचेऱ्यांत ‘चहापाण्या’चे प्रमाण माझ्या डोळ्यांदेखत घटले. माझ्यासारख्या परक्याला हे सोयीचे आहे आणि आपली सोय होते म्हणून दुसऱ्याच्या देशातील गैरसोय दिसू नये, असे होऊ नये म्हणून मी इतके सविस्तर लिहिले.

आता ७ डिसेंबर २०२५ च्या उठावाविषयी. तो रविवार होता. सकाळी काही सैनिकांनी सरकारी दूरचित्रवाणीवर येऊन राष्ट्राध्यक्षाला पदच्युत केल्याचे निवेदन वाचले. त्यांचा म्होरक्या लेफ्टनंट कर्नल पास्काल तिग्री होता. आमच्या भागात लांबून गोळीबार ऐकू येत होता, आम्ही दारे लावून घरात बसलो आणि दिवसभर फोनवर होतो. बहुतांश लष्कर सरकारशी निष्ठावान राहिले, नायजेरियाची लढाऊ विमाने मदतीला आली, पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेने सैन्य पाठवण्याचे ठरवले आणि संध्याकाळी तालोंनी दूरचित्रवाणीवरून परिस्थिती आटोक्यात आल्याचे सांगितले. सोमवारी बाजार उघडले. घाबरवण्यासाठी नाही, पण घरच्यांना खरे सांगायचे तर दोन्ही गोष्टी सांगा: १९७२ नंतर या देशात एकही उठाव यशस्वी झालेला नाही, आणि शेजारच्या नायजर व बुर्किना फासोमध्ये लष्कराचे राज्य असल्यामुळे तसे स्वप्न पाहणारे इथेही आहेत. माझ्या मते अधिक गंभीर प्रश्न उत्तरेकडचा आहे. आलिबोरी आणि आताकोरा या प्रांतांत सीमेपलीकडून येणाऱ्या जिहादी टोळ्यांचे हल्ले वाढले आहेत. एप्रिल २०२५ मधील एकाच हल्ल्यात ५४ सैनिक मारले गेल्याचे सरकारनेच सांगितले. तुमचा कारखाना कोतोनूपासून जेमतेम पंचेचाळीस किलोमीटरवर, दक्षिणेत आहे. काजूची खरेदी मध्य भागात आणि पाराकूच्या आसपास होते, तिथवर जायला हरकत नाही. त्याच्या वर, अभयारण्य पाहायचे म्हणूनसुद्धा, जाऊ नका.

राज्ययंत्रणेतल्या या वरच्या मंडळींपैकी कोणाशीही तुमचा प्रत्यक्ष संबंध मात्र येणार नाही. देशाचे बारा प्रांत आहेत आणि प्रत्येकावर सरकारने नेमलेला ‘प्रेफे’ असतो. आपल्या जिल्हाधिकाऱ्यासारखा, फक्त राजकीय नेमणुकीचा. त्याखाली ७७ कम्यून, त्यांचे निवडलेले मंडळ आणि त्या मंडळातला महापौर. अगदी तळाशी वस्तीचा प्रमुख असतो, ‘शेफ द कार्तिए’, आणि तुमच्यासाठी राष्ट्राध्यक्षापेक्षा तो महत्त्वाचा. घर घेतल्यावर पहिल्या आठवड्यात त्याला जाऊन भेटा, नाव सांगा, घरात कोण कोण आहे ते सांगा. तो आपल्या पोलीस पाटलासारखा सगळ्यांना ओळखतो, आणि उद्या तुम्ही तिथेच राहता हे कोणी सांगायचे झाले तर तोच सांगेल. प्रवेशाचा व्हिसा भारतातूनच संगणकावर काढता येतो, पण तो तीस किंवा नव्वद दिवसांचा असतो; नोकरीसाठी राहायचे तर इथल्या स्थलांतर खात्याकडून राहण्याचा परवाना घ्यावा लागतो, ज्याला ‘कार्त द सेजूर’ म्हणतात. ‘कंपनी बघेल’ या शब्दावर विसंबू नका. पहिल्या वर्षी माझ्या तेव्हाच्या मालकांच्या कारकुनाने अर्ज टेबलाच्या खणात ठेवला होता, आणि मुदत उलटल्याचे मला नाक्यावरच्या पोलिसाकडून समजले. दंड मी भरला. २०१८ पासून शहर पोलीस आणि ग्रामीण भागातील सशस्त्र पोलीस एकत्र करून एकच ‘पोलीस रेपुब्लिकेन’ केले आहे, त्यामुळे तपासणी कुठेही झाली तरी गणवेश एकच दिसेल. नम्रपणे बोला आणि पारपत्राची साक्षांकित प्रत जवळ ठेवा.

करारपत्र फ्रेंचमध्येच असेल आणि कायद्यापुढे फ्रेंच मजकूरच चालतो. कारखान्याने दिलेले इंग्रजी भाषांतर शोभेचे. ठराविक मुदतीचा करार २०१७ च्या कायद्यानंतर कितीही वेळा पुन्हा वाढवता येतो, म्हणून ‘दोन वर्षांनी कायम करू’ हे तोंडी आश्वासन असेल तर ते लिहून मागा. सामाजिक सुरक्षा निधीत तुमच्या नावाने वर्गणी भरली जाते का, तेही विचारा. व्यापारविषयक कायदा मात्र बेनिनचा एकट्याचा नाही. सतरा आफ्रिकी देशांनी तो समान ठेवला आहे आणि त्याचे शेवटचे न्यायालय आबिजानला आहे, त्यामुळे सरकार बदलले तरी कंपनीविषयक कायदा रातोरात बदलत नाही. पैशाचेही तसेच. इथले चलन, सेफा फ्रँक, आठ देशांचे मिळून आहे, त्याची मध्यवर्ती बँक सेनेगलमध्ये डाकारला आहे आणि एका युरोला ६५५.९५७ हा दर बांधलेला आहे. १९९४ मध्ये एका रात्रीत या चलनाची किंमत निम्मी केली गेली होती, ते इथले वयस्क लोक अजून विसरलेले नाहीत. पण कोतोनूतल्या सरकारला मनाला येईल तशा नोटा छापता येत नाहीत, आणि पगार घरी पाठवणाऱ्याला हे जाणवते.

जिभेविषयी एकच सूचना, पण ती कडक. २०१८ च्या डिजिटल कायद्याखाली समाजमाध्यमांवरील मजकुरासाठी इथे पत्रकारांनाही तुरुंगात जावे लागले आहे. व्हॉट्सॲपच्या गटात पुढे ढकललेला संदेशही तुमचाच धरला जाऊ शकतो. डिसेंबरच्या त्या रविवारी आपल्यातल्या काही जणांनी रस्त्यावरच्या सैनिकांची चित्रे भारतात पाठवली. तसे कधीही करू नका. परक्याने इथल्या पक्षांच्या सभेला जाऊ नये, टोपी-बनियन फुकट मिळाले तरी घालू नये. सहकारी तुमच्याशी राजकारण बोलले तर ऐकून घ्या. ते ऐकण्यासारखे असते. संपाचा हक्क आहे, पण २०१८ पासून वर्षाला दहा दिवसांच्या मर्यादेत बांधलेला आहे, आणि तुम्ही देखरेखीच्या जागेवर येत असल्याने कामगार तुमच्याकडे कोणत्या नजरेने पाहतात ते पहिल्या महिन्यातच कळेल. इथला किमान वेतनदर २०२३ पासून महिना ५२,००० फ्रँक आहे. आपला पगार चारचौघांत सांगू नका.

तुम्ही मूळचे वेंगुर्ल्याकडचे आणि आजोळ गोव्यातले, म्हणून जाता जाता एक गोष्ट. कोतोनूच्या पश्चिमेला विदा नावाचे किनाऱ्यावरचे गाव आहे. तिथे पोर्तुगिजांचा एक छोटा किल्ला होता, आणि दाहोमे स्वतंत्र झाल्यावरही आपलाच मुलूख असल्याच्या अभिमानाने लिस्बनने तो सोडला नव्हता. दाहोमेने जुलै १९६१ अखेरची मुदत दिली, तेव्हा तिथल्या शेवटच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने निवासस्थानाला आग लावून किल्ला सोडला. त्यानंतर साडेचार महिन्यांनी गोवा मुक्त झाला. माझ्या इथल्या शेजाऱ्याला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, मग तुम्ही आमच्यामागून आलात.

येण्याच्या तारखेविषयी: मार्चअखेर तुम्ही एकटे या, कारण काजूचा हंगाम तेव्हा भरात असतो आणि कारखान्याला माणूस तेव्हाच हवा असतो. मतदानाच्या आठवड्यात, म्हणजे १२ एप्रिलच्या आगेमागे, घरात चार दिवसांचा शिधा, पाणी आणि रोख पैसे ठेवा; फोन चालेलच असे समजू नका आणि घरी तसे आधीच सांगून ठेवा, म्हणजे कुडाळला कोणी रात्रभर जागणार नाही. नवे राष्ट्राध्यक्ष २४ मे रोजी शपथ घेतील. सौ. आणि मुलीची तिकिटे त्यानंतरची, जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली काढा. तोवर तुमचा परवाना हाती आलेला असेल, आणि तो आल्याशिवाय त्यांच्या अर्जाला हात लावू नका. विवाहाचा आणि मुलीच्या जन्माचा दाखला फ्रेंच भाषांतरासह तिथूनच साक्षांकित करून आणा. इथून ते काम करायला मला एकदा सात महिने लागले होते.

करारपत्राची फ्रेंच प्रत आली की सही करण्यापूर्वी मला पाठवा. कळावे.